पाट्याचं पाणी

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी हिशेब झाला की पिशवीत वरून चार हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन-तीन काड्या टाकतात. मागाव्या लागत नाहीत. त्या टाकायला विसरल्याच तर गिऱ्हाईक जागचं हलत नाही, पिशवीचं तोंड उघडं धरून उभं राहतं. पुदिना मात्र मला असा वरून कधी मिळालेला नाही. एकदा ओळखीच्या हक्काने म्हणून पाहिलं, तर जुडीवर पाणी शिंपडत त्या म्हणाल्या, "कोथमिरीचं चालतं ताई, पुदिन्याचं नाही चालत." मी कारण विचारलं नाही. बाजाराचे काही नियम असेच असतात म्हणून दहा रुपये काढून दिले.

पुढे ‘ऐन-ए-अकबरी’ चाळताना हाच नियम चारशे वर्षांमागे उभा दिसला. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस धान्यापासून भाजीपाल्यापर्यंत सगळ्याचे भाव नोंदवून ठेवले आहेत. कांदा मणाला ६ दाम, पालक १६ दाम आणि पुदिना ४० दाम. तेव्हाच्या रुपयाचे ४० दाम होत आणि अकबराचा मण आपल्या पंचवीसेक किलोंचा. म्हणजे एका रुपयात एक मण पुदिना नाहीतर साडेसहा मणांवर कांदा. पाला असून याला मान मसाल्याचा होता. मावशींना अबुल फजल ठाऊक असण्याचं कारण नाही, पण दोघांचा तराजू एकच.

पुदिन्याच्या ताज्या चटणीची कुळकथा लिहायला बसलं की पहिली अडचण हीच येते, की चटणी मागे काही ठेवत नाही. लोणच्याला बरणी असते आणि बरणीवर घातल्याची तिथी. मुरंब्याला आजीचं नाव चिकटतं. तूप, गूळ, वडी, पापड या सगळ्यांना फडताळात जागा असते. ओल्या चटणीला असते ती फक्त वाटी, आणि तीही संध्याकाळपर्यंत घासून पालथी पडते. सकाळी वाटली, दुपारी संपली. उरलीच तर रात्री काळवंडली. जी वस्तू टिकतच नाही, तिचा इतिहास वस्तूत कसा सापडणार? तो शोधावा लागतो तिच्या नावात, तिच्या पाल्यात आणि ती ज्यावर वाटली त्या दगडात.

नाव आधी. चटणी हा शब्द चाटण्यातून आला, हे कुणालाही सांगता येईल. मजा आहे ती त्यापुढे. या शब्दात पदार्थ कुठला ते नाही, चव नाही, रंग नाही. आहे ती फक्त जिभेची हालचाल. आपल्याकडे अन्नाची वर्गवारीच मुळी तोंड काय करतं त्यावरून झालेली आहे: चावायचं ते भक्ष्य, चोखायचं ते चोष्य, चाटायचं ते लेह्य. या लेह्याच्या घरात मराठीत दोन बहिणी वाढल्या. एक वैद्याच्या घरी दिली, ती चाटण. मधात कालवलेली सुंठ-पिंपळी बोटावर घेऊन पोराच्या जिभेला लावतात ती. दुसरी स्वयंपाकघरातच राहिली, ताटाच्या डाव्या बाजूला मीठ आणि लिंबाच्या शेजारी बसली, ती चटणी. आल्याचा तुकडा दोघींच्या माहेरचा.

मराठीने मात्र पुढे या शब्दाला इतकं सैल सोडलं की चाटणं बाजूलाच राहिलं. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी कोरडी ठणठणीत असते. ती चाटायला गेलात तर ठसका लागेल. कोल्हापूरकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाचा लाल मसाला, जो रश्श्यात जातो आणि घरात डब्यांनी भरलेला असतो. आणि कुणाची चटणी झाली म्हणजे काय झालं, हे ज्याची होते त्याला सांगावं लागत नाही. या साऱ्या अर्थांमध्ये जीभ मागे पडली आणि वरवंटा पुढे आला. मराठी कानाला चटणी म्हणजे आधी रगडलेलं काहीतरी, मग चाटायचं.

इंग्रजांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यांची पंचाईत वेगळीच होती. त्यांना चटणी जहाजातून घरी न्यायची होती, आणि ती तर दुपार ओलांडत नाही. मग त्यांनी तिला आंबा, साखर, शिरका आणि मनुका घालून आटवली आणि बाटलीत बसवली. १८८६ साली छापलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात चटणीची नोंद आहे आणि तिची थोरवी इंग्लंडात ठाऊक झाल्याचीही. पण जी ठाऊक झाली ती आपल्या हिशेबात मुरंब्याची चुलतबहीण. ताजेपणा काढून घेतला की चटणीचं उरतं फक्त नाव. पुदिन्याचं त्यांनी तिकडे वेगळंच काही केलं होतं: पानं बारीक चिरून शिरका-साखरेत भिजवायची आणि भाजलेल्या कोकराच्या मांसावर ओतायची. पानं तीच, आंबट-गोड तेच, पण वाटायचं त्यांच्या मनात आलं नाही.

वाटायचं कुणाच्या मनात आलं? इथे आपला अभिमान थोडा आवरावा लागतो. अपिसियसच्या नावावर चालणारं जे रोमन पाकपुस्तक आहे, त्यात खलात मिरी, पुदिना आणि इतर पाले कुटून त्यात शिरका, मध आणि मासळीचा खारट अर्क मिसळून केलेली कालवणं पानोपानी भेटतात. मासळीचा अर्क डोळ्यांआड केला, तर हे आपल्या चटणीच्या फार जवळ जातं. त्यातली मिरी तर आपल्याच मलबार किनाऱ्यावरून गेलेली. तिखट आपलं, पाला त्यांचा. माझ्या मते पुदिन्याची चटणी एकदाच कुठेतरी जन्मली आणि तिथून पसरली असं झालंच नसावं. जिथे खल आणि हिरवा पाला एका घरात आले, तिथे ती होऊन गेली आणि त्याच दिवशी खाल्ली गेली.

पाल्याचं नाव मात्र आपल्याला फारसीकडून मिळालं. फारसीतला ‘पुदीना’ मराठीत आला आणि वेलांटी ऱ्हस्व करून राहिला. त्याच्या शेजारच्या कोथिंबिरीचं कूळ पाहा: ती कुस्तुंबरीची लेक, आणि कुस्तुंबुरू हा शब्द कसा सिद्ध होतो हे सांगायला पाणिनीने अष्टाध्यायीत एक सूत्र खर्च केलं आहे. एकाच वाटीत एक व्याकरणातून आलेली आणि दुसरा दरबारातून. याचा अर्थ भारतात पुदिन्याची जात नव्हती असा नाही. काश्मीर-हिमाचलात ओढ्याकाठी लांबट पानांचा रानपुदिना आपणहून माजतो. पण मैदानात, बागेत लावून, जुडी बांधून विकायचा जो पुदिना, त्याने नाव फारसी घेतलं आणि आपण ते निमूट स्वीकारलं. शास्त्राच्या वहीत तो ‘मेंथा स्पिकाटा’. लिनियसने १७५३ साली नोंदवलेला. ‘मेंथा’ हे ग्रीकांच्या मिंथे या अप्सरेचं नाव. पाताळाच्या राजाची नजर तिच्यावर गेली म्हणून राणीने रागाच्या भरात तिला पायदळी तुडवलं आणि तिचं रोप झालं. पुदिना चुरगळल्याशिवाय बोलत नाही, हे ज्याने ही कथा रचली त्याला पक्कं ठाऊक होतं.

जुन्या ग्रंथांत पुदिना एकटा क्वचित येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू परूशी नावाच्या कर्मठांना टोमणा मारतो, तो ते पुदिना, शेपू आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश मोजून देतात यावर. म्हणजे तिथेही पुदिन्याचा हिशेब काडीकाडीने होता! त्यातली पुदिना आणि शेपूची जोडी मला फार आवडते, कारण तिच्यामागे एक गंमत लपली आहे. पुदिन्याचा जो खास वास, तो कार्वोन नावाच्या द्रव्याचा. शेपूच्या बियांत, म्हणजे आपल्या बाळंतशेपांत, तेच कार्वोन असतं. फक्त रेणूची रचना आरशातल्यासारखी उलटी, डाव्या हाताला उजवा हात जसा. अणू तेच, संख्या तीच, वळण तेवढं उलट. नाकाला हा फरक खरोखर कळतो, हे १९७१ साली प्रयोगांनी पक्कं झालं. एक वास चाटवाल्याच्या गाडीवर नेतो, दुसरा बाळंतिणीच्या खोलीत. घरी ताडून पाहायचं तर पुदिन्याचं पान आणि चार बाळंतशेपा दोन तळहातांवर चुरडून आळीपाळीने हुंगा.

गारव्याबद्दल एक गैरसमज इथेच निस्तरून टाकते. पुदिना गार म्हणून सगळे म्हणतात, पण जिभेला गार वाटायला लावणारं मेंथॉल चटणीच्या या पुदिन्यात अगदी थोडं असतं. ते भरपूर असतं ‘मेंथा आर्वेन्सिस’मध्ये. उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूँ, रामपूरकडे शेतंच्या शेतं याच्या नावाने उभी असतात आणि त्याचं तेल बामात, गोळ्यांत आणि दातांच्या पेस्टीत जातं. बाजारात कधी कधी जुडीत हाच येतो. मग चटणी खाताना दात घासल्यासारखं वाटतं आणि दोष उगाच चटणी करणारीला मिळतो.

पुदिन्याचं जतन करणारे लोक इराण-अरबस्तानात भेटतात. १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या अल-बगदादीच्या पाकपुस्तकात शिरक्यातल्या पुदिन्याची कृती आहे. मोठ्या पानांचा ताजा पुदिना घ्यायचा, पानं देठांवरून खुडायची, धुवायची, सावलीत सुकवायची, हवा तर लसूण घालायचा आणि काचेच्या बाटलीत भरून वर केशराने रंगवलेला शिरका ओतायचा. आठशे वर्षांपूर्वीचा हा माणूस पानं खुडा, धुवा, कोरडी करा हे ज्या क्रमाने सांगतो, त्याच क्रमाने माझी आई सांगायची. ओला पुदिना वाटला की चटणी पाणचट होते आणि लवकर काळी पडते, हे तिला ठाऊक होतं. फरक एवढाच, की त्याला पुदिना बाटलीत हवा होता आणि आईला पानात.

हा पुदिना मराठी स्वयंपाकघरात शिरला तो एका दारातून नाही. दख्खनच्या मुसलमानी खाण्यात तो बिर्याणीच्या थरांत होताच. मुंबईच्या पारशांनी तो ओल्या नारळाबरोबर, कोथिंबीर-मिरचीबरोबर वाटून पापलेटाला माखला आणि केळीच्या पानात बांधून उकडला. ती पात्रा नी मच्छी. त्यातली हिरवी चटणी म्हणजे कोकणचा नारळ आणि इराणचा पाला यांचं रीतसर लग्न. आमच्या घरात मात्र डाव्या बाजूला कोथिंबीर-खोबऱ्याचं राज्य होतं आणि पुदिन्याकडे जरा संशयाने पाहिलं जाई. त्याचा वास ‘बाहेरचा’ होता. तो घरात आला तो पाणीपुरीच्या पाण्यातून आणि काकडी-बटाटा-बिटाच्या सँडविचमधून, म्हणजे आमच्याच शाळकरी जिभांवर बसून. आजीने पहिल्यांदा पुदिन्याची चटणी केली ती आमच्या हट्टाने, आणि केल्यावर पहिलं बोट तिनेच बुडवलं.

मिरचीचं काय सांगावं! या चटणीतली सगळ्यात ‘आपली’ वाटणारी वस्तू हीच, आणि सगळ्यात उशिरा आलेलीही हीच. ती अमेरिकेची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या बंदराला लागली. मुंबईकडे तिला गोवाई मिरची म्हणत. अबुल फजलच्या मसाल्यांच्या यादीत मिरी आहे, पिंपळी आहे, आलं-सुंठ आहे, मिरची नाही. म्हणजे अकबराच्या पंगतीत पुदिना वाटला गेला असेल, तर त्याला तिखटपणा मिऱ्याने किंवा आल्याने दिला असणार. मराठीने या नवख्या फळाला मिऱ्याचंच नाव स्त्रीलिंगी करून दिलं, आणि दोन-तीन पिढ्यांत मिरं म्हाताऱ्यासारखं कोपऱ्यात जाऊन बसलं. मी एकदा मिरचीऐवजी मिरी आणि भरपूर आलं घालून चटणी करून पाहिली. वाईट नव्हती. पण घरात सगळ्यांनी विचारलं, "आज चटणीत काय राहिलं?"

आता दगड. या कुळकथेतला खरा वडीलधारा तोच.

मोहेंजोदडोत १९२७ ते १९३१ या काळात अर्नेस्ट मॅके यांनी खोदकाम केलं. त्यांच्या अहवालात दळण्या-वाटण्याच्या दगडांचं वर्णन आहे. दगड दोन तऱ्हेचे मिळाले. एका तऱ्हेत वरचा दगड पुढे-मागे ढकलायचा. ते धान्यासाठी असावेत. दुसऱ्या तऱ्हेत वरच्या दगडाने ठेचत राहून खालच्या दगडाला खोलगट खड्डा पडलेला. ते बहुधा पाला आणि मसाला वाटायचे. मॅके इथे एक घरगुती गोष्ट सांगतात, जी पुरातत्त्वाच्या अहवालात सहसा सापडत नाही. हे दुसऱ्या तऱ्हेचे दगड पाहिल्याबरोबर खोदकामावरच्या मजुरांनी ते ‘मसाल्याचे दगड’ म्हणून ओळखले, आणि त्यांच्या स्वयंपाक्याने तर संग्रहालयातला एक दगड स्वयंपाकघरासाठी उसना मागितला. चार हजार वर्षं मातीखाली पडून राहिलेली वस्तू, आणि पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार काय, तर आज संध्याकाळी यावर वाटण होईल! विद्वानाला जे ‘बहुधा’ म्हणावं लागलं, ते त्या स्वयंपाक्याला हात लावल्याबरोबर कळलं होतं.

आपल्याकडचा पाटा काळ्या कातळाचा. त्यावर टाकीने पाडलेले टिपके असतात आणि सगळी करामत त्या टिपक्यांची. वाटून वाटून ते झिजले की पाटा गुळगुळीत होतो, पानं वरवंट्याखालून नुसती घसरतात आणि चटणी होण्याऐवजी पाला लोळवल्यासारखा दिसतो. मग टाकीवाल्या बाईची वाट पाहायची. तिची हाक वाड्याच्या दारात आली की चार घरांतले पाटे बाहेर निघत. ती पाटा दोन पायांत धरून छिन्नी-हातोडीने ठकठक करत एकेक टिपका पुन्हा जागा करी. त्या दिवशी वाटलेल्या चटणीत दगडाची कच लागे, म्हणून पहिलं वाटण आजी मूठभर जाड्या मिठाचं करी आणि ते फेकून देई.

वरवंट्याला आपण माणसाचा मान देतो. बारशाला त्याला कुंची घालून, गोविंद-गोपाळ म्हणत पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात आणि मग बाळाला नाव मिळतं. मॉरिशसची एक गोष्ट वाचली तेव्हा मला हे बारसं आठवलं. १८३४ नंतर भारतातून करारावर जे मजूर तिकडच्या उसाच्या मळ्यांत गेले, त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात. त्या बेटावर चटणी आहे, तिचं क्रिओल नाव ‘सातिनी’. नारळाची सातिनी पुदिना, चिंच आणि मिरची घालून करतात, ताजी, त्या जेवणापुरती. ती वाटायच्या पाट्याला तिथे ‘रोस कारी’ म्हणतात. शब्दशः पाहिलं तर ‘मसाल्याचा दगड’, म्हणजे मॅके यांच्या मजुरांनी दिलेलंच नाव. आणि त्यावरच्या वरवंट्याला म्हणतात ‘बाबा’. क्रिओलमध्ये बाबा म्हणजे तान्हं मूल.

दगडाचं राज्य संपवलं ते विजेने, आणि त्याचीही कहाणी मुंबईची आहे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी बनावटीचे मिक्सर काही घरांत आले होते. ते मऊ फळं घुसळायला चांगले. आपली डाळ, हळकुंड, सुकं खोबरं घातलं की मोटर जळायची. सत्यप्रकाश माथूर हे इंजिनिअर. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर असाच बिघडला आणि दुरुस्त होईना. तेव्हा त्यांनी नवऱ्याला म्हटलं, मग तुम्हीच का बनवत नाही? त्यातून १९६३ साली ‘सुमीत’ मिक्सर आला. मोटर दणकट, पाती वेगळी आणि भांडी एकापेक्षा जास्त. आज कुठलाही देशी मिक्सर घ्या, सोबतच्या भांड्यांत सगळ्यात धाकटं जे येतं, त्याला दुकानदार, कंपनी आणि आपण सगळे एकच नाव देतो: चटणीचं भांडं. शीतकपाट, गॅस, कुकर कुणीच चटणीसाठी स्वतंत्र जागा केली नव्हती. मिक्सरने केली.

पण मिक्सरने एक भांडणही घरात आणलं, ते रंगाचं. पाट्यावरची चटणी हिरवी राहते आणि मिक्सरमधली काळवंडते अशी तक्रार मी लहानपणापासून ऐकत आले. तक्रार खरी आहे. पान फाटलं की त्याच्या पेशींतली काही द्रव्यं हवेला लागतात आणि एका विकराच्या मदतीने तपकिरी-काळी होतात. कापलेलं वांगं काळं पडतं तसंच. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, भांडं तापतं, आत हवा घुसळली जाते. म्हणजे काळं पडायला हवं ते सगळं मिळतं. पाट्यावर ऊब कमी आणि हवाही कमी. यावर उपाय आहे: दोन बर्फाचे खडे, थांबत थांबत फिरवणं आणि लिंबू. लिंबाच्या आंबटपणाने तो विकर थंडावतो. मात्र लिंबू दुतोंडी आहे. आज ते काळेपणा अडवतं, पण तोच आंबटपणा रात्रभरात हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतो आणि सकाळी चटणी मेंदीच्या रंगावर गेलेली असते. हिरवी राहील ती एका जेवणापुरती, त्यापुढे नाही. लोखंडी खलबत्त्याच्या वाटेला तर जाऊच नका. पुदिना लोखंडाला लागला की शाईसारखा होतो.

प्रमाण विचाराल तर मी अवघडून जाते. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप देऊन मराठी सुनांवर उपकार केले, पण पुदिन्याची जुडी वाटीचं ऐकत नाही. उन्हाळ्यातली जुडी लहान पानांची आणि वासाला जहाल, पावसातली भरघोस पण फिकी आणि मातीने माखलेली. तरी माझा अंदाज असा: खुडलेली पानं दोन वाट्या, कोथिंबीर एक वाटी, कोवळ्या देठांसकट. पुदिन्याचे देठ मात्र घ्यायचे नाहीत, ते कडू होतात. मिरच्या तीन किंवा चार, बोटाच्या पेराएवढं आलं, लसणाच्या तीन पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, मीठ, चिमूटभर साखर, अर्धं लिंबू. चटणी पाणी सोडू नये म्हणून दोन चमचे पंढरपुरी डाळं. नुसता पुदिना वाटला तर चटणी कडवट आणि उग्र होते. कोथिंबीर त्याला आवरते.

गेल्या मे महिन्यात वीज गेली आणि पाहुणे दारात. पाटा गॅलरीत कुंडीखाली पडला होता, तो घासून आत आणला. पंधरा वर्षांत टाकी लागली नव्हती. आधी मीठ, मिरची आणि जिरं घेतलं. जाड्या मिठाने मिरचीची साल रगडली जाते हे हातांना आठवत होतं. मग आलं-लसूण. मग मुठीमुठीने पानं, वर पाण्याचा हबका. सुरुवातीला पानं घसरत राहिली, वरवंट्याच्या दोन्ही कडांनी बाहेर पळाली. डाव्या हाताने ती पुन्हा आत ओढायची, उजव्याने रेटायचं. पाचेक मिनिटांनी आवाज बदलला, दगडावर दगड खरवडायचा थांबला आणि ओला, चिकट, दबका आवाज येऊ लागला. आजी या आवाजावर ओळखायची. चव घ्यायची तिला गरज पडत नसे. पान पूर्ण मोडलं नव्हतं, काही धागे राहिले होते, डाळं कुठे कुठे दाताखाली आलं. रंग मात्र असा, की पाहुण्यांतल्या एका आजोबांनी पोळी बाजूला ठेवून आधी ती बोटाने चाटली.

सगळं आटोपल्यावर पाट्यावर तांब्याभर पाणी ओतलं, हाताने कडा पुसत खाली भांडं धरलं. हिरवट पाणी जमलं, वाटीभर. आमच्याकडे हे पाणी कधी मोरीत जात नाही, ते आमटीत जातं. उकळी आली, वास एकदा घरभर फिरला आणि आमटीच्या चिंच-गुळात कुठे गेला ते कळलं नाही. मीठ तेवढं थोडं जास्त झालं.